त्यांचा स्टँड, तिची भट्टी

आंबोलीत एका बंगल्याच्या मागच्या पडवीत लोखंडी अँगलचा एक स्टँड उभा आहे. त्याला तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पन्नास लिटरचं, खाली तोटी बसवलेलं स्टीलचं पातेलं. सगळ्यात वरच्या पातेल्यात पाणी तापतं. मधल्यात मोड आणून वाळवलेल्या सातूचा भरडा, म्हणजे माल्ट, पासष्ट-अडुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर मुरतो. तोटी सोडली की त्याचा गोड रस आपोआप खालच्या पातेल्यात उतरतो, आणि तिथे हॉप्स नावाची कडू फुलं टाकून तो तासभर उकळतो. मग तो निववायचा, यीस्ट घालायचं, आणि झाकून दोन आठवडे ठेवायचा. झाली घरची बिअर. गॅसची शेगडी सोडली तर सगळा सांगाडा घरच्या घरी जुळवलेला. अँगल खालून सावंतवाडीहून आणला, वेल्डिंग गावातल्या माणसाने केलं, आराखडा मालकाचा. मालक पुण्यात इंजिनिअर आहेत आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचे यजमान. त्यांनी मला तो स्टँड ज्या कौतुकाने दाखवला, तेवढ्या कौतुकाने आमच्याकडे लोक बाळाचं बारसं करतात.

मैत्रिणींनो, दारूवर या पानांत आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यात आणखी एका हौशी माणसाच्या पातेल्यांची भर घालावी असं मला एरवी वाटलं नसतं. पण त्या पडवीत आणखी एक व्यक्ती होती, आणि तिच्यामुळे हा लेख लिहायला बसले आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ती तिथे कामाला येते. तीनशे रुपये रोज. मालक आले की भांडी घासणं, झाडलोट, आणि बिअरच्या दिवशी पाणी. मी त्या दिवशी सहज मोजलं. चाळीस लिटर बिअरसाठी तिने विहिरीवरून पंचवीस-तीस कळश्या पाणी आणलं. मुरवायला, उकळायला, निववायला आणि सगळ्यात जास्त धुवायला. आंबोलीत पावसाळ्यात साडेसातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण हे सारं पाणी दरीत उतरतं, आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवरच्या बायकांना कळशी घेऊन चालावंच लागतं. वरचं पातेलं भरायला ती स्टुलावर चढत होती. पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो उकळतं पाणी तिच्या डोक्याच्या उंचीवर, अँगलच्या चार पायांवर. स्टँडला तिरके आधार आहेत का, खालची फरशी सरळ आहे का, हे मी विचारलं. मालक म्हणाले, ‘‘अगदी सेफ आहे, आणि मावशींना सवय आहे.’’ कामाच्या बाईला मावशी म्हटलं की बरेच प्रश्न मिटतात, असा आपल्याकडे समज आहे.

सवय तिला होतीच, पण ती कशाची हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेच्या टाकीचं झाकण त्यांनी उघडलं तेव्हा तिने लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, ‘‘ह्यां अजून येवक नाय. दोन दिस रवतला.’’ ते हसले. काचेची नळी बुडवून मोजमाप घेतलं, वहीत बघितलं, आणि म्हणाले, ‘‘खरंच की! मावशी, तुम्ही तर एक्स्पर्ट!’’ मी मात्र तिचा चेहरा बघून गार झाले होते. मी त्या बाईला ओळखत होते. तीही मला.

२०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, आणि ते कारखान्यात वापरायचं रसायन काळ्या बाजारातून आलं होतं. पण बातमीत शब्द आला ‘हातभट्टी’, आणि मग राज्यभर हातभट्ट्यांवर छापे सुरू झाले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. एम.एस.डब्ल्यू. करून घाटाखालच्या गावांत बचत गटांबरोबर काम करत होते. गटातल्या बायका नवऱ्यांच्या पिण्याने पिचल्या होत्या, आणि त्यांचा संताप खरा होता. आम्ही पोलिसांना निवेदन दिलं, आणि त्यांच्याबरोबर एका वाडीवर गेलो. घोषणा आमच्या, काठ्याही आमच्या. वाडीच्या कडेला, काजूच्या बागेत, तीन दगडांच्या चुलीवर एक भाण चढवलेलं होतं. बाजूला दोन पिंपं. एकात गूळ-नवसागराचं रसायन, दुसऱ्यात बोंडूंचा आंबलेला रस. आम्ही पिंपं लाथेने आडवी केली. माझा फोटो जिल्हा पुरवणीत आला. तो कापून मी आईला पाठवला होता.

भट्टीवाली चौतीस-पस्तीस वर्षांची विधवा होती. नवरा मुंबईला गिरणीच्या पडझडीनंतर कुठेकुठे राबून परत आला होता तो छातीचं दुखणं घेऊन. दोन मुली. घर दिरांच्या नावावर, बाग अर्धेलीने. तिच्यावर केस झाली, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला गेला, जामिनासाठी कानातलं गेलं. दिरांनी ‘घराण्याची अब्रू’ म्हणून तिला घराबाहेर काढलं. हेच दीर तिच्याकडून फुकट पीत, हे वाडीला माहीत होतं. ती दोन्ही मुलींना घेऊन वर माहेरी आली. मोठीची शाळा नववीत सुटली. हे सगळं मला त्या बंगल्याच्या पायरीवर, नऊ-दहा वर्षांनी कळलं. आमच्या अहवालात त्या दिवसाची नोंद ‘एक भट्टी उद्ध्वस्त’ अशी आहे. ती मीच लिहिली होती.

वाडीतली दारू थांबली का? आठवडाभर. मग घाटातून येणारी गोवा बनावटीची बाटली तिथे मोटारसायकलवरून पोचू लागली.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा. परवान्याशिवाय दारू बनवणं, मग ती गाळलेली असो की आंबवलेली, विकायची असो की स्वतः प्यायची, हा या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कलम ६५ (फ) तर त्याही पुढचं आहे. दारू बनवण्यासाठी साहित्य, भांडी, उपकरणं बाळगणं हाच स्वतंत्र गुन्हा. एक थेंबही तयार व्हायला नको. तिच्या तीन दगडांना आणि भाणाला हे कलम लागलं. तोच न्याय लावला तर त्या अँगलच्या स्टँडला, तोट्यांना, पातेल्यांना आणि टाकीलाही हेच कलम लागतं. घरच्या बिअरला सूट देणारी ओळ या कायद्यात नाही. आपल्या राज्यात नुसतं प्यायला सुद्धा परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं देव जाणे. १९८१ मध्ये माणसं स्थानबद्ध करायचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच झोपडपट्टीगुंडांच्या शेजारी ‘हातभट्टीवाले’ बसवले आहेत. छंदवाल्यांसाठी असं नाव कुठल्या कायद्यात सापडत नाही.

मैत्रिणीच्या यजमानांशी मी यावर बोलले. त्यांचं म्हणणं न्यायाने मांडायला हवं, कारण त्यातलं काही खरं आहे. बिअर गाळलेली नसते, तिच्यात पाचेक टक्के अल्कोहोल, आंधळं होण्याचं भय नाही. ते विकत नाहीत, चार मित्रांना पाजतात. बायकोला त्यांनी कधी हात लावलेला नाही. त्यांच्या पिण्यामुळे कुठल्या घरात चूल विझलेली नाही. आणि भट्टीची दारू पिऊन माणसं मेलेली आहेत. २००४ मध्ये विक्रोळीत, २०१५ मध्ये मालवणीत. हे सगळं मला मान्य आहे.

पण मग माझाही प्रश्न आहे. धोका हाच निकष असेल तर तो दोघांनाही लावा. काजूच्या बोंडूची दारू तांब्याच्या भाणातून गाळण्याचं काम गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या, परवान्याने, उघड चालतं. २००९ साली तिथल्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. दोडामार्गच्या पलीकडे तो वारसा आहे, पर्यटकांना दाखवला जातो, लेबल लावून विकला जातो. अलीकडे तेच भाण मुद्देमाल. शेतकऱ्याच्या हिताच्या नावाने २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं होतं. विरोधामुळे ते बारगळलं, पण तेव्हा वाइन ही दारूच नव्हे असं आपल्याला समजावलं गेलं. पुण्यात २००९ पासून परवानाधारक छोट्या ब्रुअऱ्या आहेत आणि त्यांची तांब्याची भांडी गिऱ्हाइकाला दिसावीत म्हणून काचेमागे ठेवतात. म्हणजे भांडं वाईट नाही, आंबवणं वाईट नाही, पैसे कमावणंही वाईट नाही. वाईट ठरते ती फक्त बिनकागदाची बाई. आणि कागद मिळवायला लागणारं भांडवल, जागेचा उतारा, ओळखी तिला कुठून मिळणार? आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा घोळ पिढ्यांपासून भिजत पडलेला. कसणाऱ्या पुरुषांनाच सातबाऱ्यासाठी खेटे घालावे लागले, तिथे माहेरी परतलेल्या विधवेचं नाव कुठल्या कागदावर असेल?

राहिला विकण्याचा मुद्दा. ती विकत होती, हे विकत नाहीत. खरं. त्यांना विकायची गरज नाही. मोड आणणं, आंबवणं, वासावरून ओळखणं ही विद्या मुळात बायकांची. नाचणीची आंबील ज्या हातांनी होते त्याच हातांनी जगभर घरची बिअर झालेली आहे. तीच विद्या पोट भरायला वापरली तर गुन्हा, आणि पोट भरलेल्याने वापरली तर छंद, असा याचा अर्थ होतो. त्या पडवीत सगळ्यात जाणकार व्यक्ती कोण होती हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला तीनशे रुपये मिळाले. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाव मालकांचं आहे.

इथे मला दूरच्या देशातली एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात १९०८ च्या कायद्याने ज्वारीची बिअर बनवण्या-विकण्याची मक्तेदारी नगरपालिकांना मिळाली. डर्बनच्या नगरपालिकेने बिअर हॉल काढले आणि त्या पैशातून काळ्यांवर राज्य करायचा खर्च भागवला. बायका घरोघरी करत होत्या ती बिअर मात्र बेकायदा. पोलीस यायचे, पिंपं ओतून द्यायचे. १९५९ च्या जूनमध्ये केटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन निघाल्या. कुठे? शेजारणीच्या चुलीवर नाही. त्या थेट नगरपालिकेच्या बिअर हॉलवर चालून गेल्या, आत बसलेल्या पुरुषांना हाकललं आणि बिअर ओतून दिली. नवऱ्याची मजुरी हॉलमध्ये जाते आणि आमची चूल फोडली जाते, हा त्यांचा हिशेब होता. आपला हिशेब इतका स्वच्छ कधी झाला का?

झाला होता, थोडाफार. १९७२-७३ च्या सुमारास शहाद्याच्या आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, पण त्या तिथे थांबल्या नाहीत, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. १९९२ मध्ये नेल्लोरच्या बायकांनी सरकारी अर्काच्या लिलावालाच हात घातला. चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत २०१० मध्ये चंद्रपूरच्या बायका चालत गेल्या, २०१५ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवलीही. या लढ्यांनी सत्तेला आणि तिजोरीला प्रश्न विचारला. आपल्या रोजच्या कामात मात्र हळूहळू काय झालं, तर जी सगळ्यात जवळ, सगळ्यात एकटी आणि उलट न मारणारी, तिच्यावर काठी उचलायची सवय लागली. पोलिसांनाही ते सोयीचं. बायकांचा मोर्चा शांत होतो, आकडा भरतो, आणि ज्यांच्याकडे जायला नको त्यांच्याकडे जावं लागत नाही.

परवान्याच्या दुकानाविरुद्ध आपल्या हातात काय आहे ते पाहा. आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यायचं, मग गुप्त मतदान, आणि दुकान बंद व्हायला हवं असेल तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या निम्मी. आमच्या कोकणात यादीतल्या कितीतरी बायका मुंबईला, कळव्याला, नालासोपाऱ्याला राहतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. त्या आल्या नाहीत तर त्यांचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या पदरात. आमदार निवडून यायला अशी अट आहे का? नाही. दारूचं दुकान मात्र या अटीवर टिकतं. आणि हातभट्टीला परवानाच नाही, त्यामुळे तिच्यासाठी मतदान वगैरे काही नाही, सरळ लाथ. गोव्याच्या दारूच्या गाड्या आंबोली घाटाने वर कोल्हापूर-बेळगावकडे जातात हे शेंबडं पोर सांगेल. अधूनमधून एखादा टेम्पो पकडल्याची बातमी येते, चालक आणि क्लीनर अटकेत. माल कोणाचा, हे वाक्य मी त्या बातम्यांत शोधत असते. एकाच खात्याने दारूचा महसूल वाढवायचा आणि दारू पकडायचीही, असा हा कारभार. राज्य उत्पादन शुल्क हे नावच पुरेसं बोलकं आहे.

काहीजणी म्हणतील, हिने आता भट्टीचं समर्थन सुरू केलं. बैठकीत हे मी ऐकलेलंच आहे. तर स्पष्ट सांगते. हातभट्टीची दारू वाईट आहे, ती पिऊन पुरुष घरी मारतात, बायकांचे दागिने जातात, आणि गावाने ती बंद करावी हे मला आजही पटतं. माझं भांडण क्रमाशी आहे. पहिली लाथ कोणाला, आणि लाथ मारल्यानंतर त्या घरी दुसऱ्या दिवशी कोण जाणार, या दोन गोष्टींशी. २०१५ मध्ये मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. गटाचं कर्ज तिला देता आलं असतं. बोंडूचं सरबत, नाचणीचे पदार्थ, काजूगराचं काम, यांतलं काहीतरी तिच्या हातात देता आलं असतं, आणि त्या मुलीची शाळा टिकवता आली असती. मला हे सगळं शिकवलेलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरंही लिहिली होती. पण तिचं नाव आमच्या गटाच्या यादीत नव्हतं. भट्टीवालीला गटात घ्यायचं नाही असा आमचाच नियम होता.

मग त्या बंगल्याविरुद्ध तक्रार का करत नाहीस, हाही प्रश्न आला. करणार होते. अर्ज लिहिला होता. मग एका रात्री डोक्यात आलं की छापा पडेल तो आठवड्याच्या मधल्या दिवशी. मालक पुण्यात. स्टँडपाशी झाडू घेऊन उभी कोण असेल? पंचनाम्यात नाव कोणाचं येईल? जिच्यावर आधीची केस आहे, बाँड आहे, तिचं. मालक फार तर वकील पाठवतील. भट्टीवर पकडली जाणारी बाई बहुतेकदा राखणीला किंवा ढवळायला ठेवलेली असते, भांडवल दुसऱ्याचं असतं, हे मी पूर्वी शंभरदा ऐकलं होतं. स्टीलच्या पातेल्यांनी ते मला समजावलं. अर्ज फाडला. मैत्रिणीला फोन करून सांगितलं की स्टँड काढा, नाहीतर निदान त्या बाईला त्यापासून लांब ठेवा आणि तिचा रोज तोडू नका. ती दुखावली. ‘‘तुला सगळ्यातच शोषण दिसतं,’’ म्हणाली. आता आमचं बोलणं वाढदिवसापुरतं आहे.

आपल्या परिषदेपुढे मी पुढचे मुद्दे ठेवणार आहे, आणि विरोध होणार हे धरून चालले आहे. एकट्या बाईची भट्टी बंद करायची असेल तर आधी तिच्या रोजगाराची तजवीज, मग भट्टी, आणि पोलिसांना सर्वात शेवटी बोलवायचं. भट्टीवालीला गटात घ्यायचं नाही हा नियम रद्द. आडव्या बाटलीची अट झालेल्या मतदानाच्या निम्म्यावर आणावी म्हणून सह्यांची मोहीम. घाटातून जाणाऱ्या मालाचे मालक कोण, हे विचारायला जिल्हा कचेरीवर मोर्चा, त्यात काठ्या नकोत पण आकडे हवेत. आणि पुरुषाच्या पिण्याची तक्रार पुरुषावरच नोंदवायची. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हातात असताना आपण त्याच्या ग्लासाऐवजी शेजारणीची चूल का शोधतो, यावर एक सबंध सत्र ठेवावं.

त्या दिवशी निघताना मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले. माफी मागायची होती, शब्द जुळेनात. तीच म्हणाली, ‘‘ताय, तवां माजी चूल फोडलात. आता हेची फोडतल्यात काय?’’ मी गप्प. तिने डोक्यावरचं इरलं सारखं केलं. मग म्हणाली, ‘‘ऱ्हवांदे. माज्या सासूचां तांब्याचां भाण होतां, पोलिसांनी न्हेलां तां. तेवढां गावतलां काय बघा.’’

भाण जप्त झालं तेव्हा मी तिथे होते, पंचनाम्यावर माझी सही आहे. त्याचं पुढे काय झालं, नष्ट केलं असेल तर कोणासमोर, विकलं असेल तर किती किमतीला, हे विचारणारा माहितीच्या अधिकारातला अर्ज मी या आठवड्यात दिला आहे.